पिशवीत काय होतं

जळगावच्या एका दैनिकात मी वीसेक वर्षं मोबाईल, टीव्ही, कूलर आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल लिहिते आहे. सुरुवातीला कंपन्या परीक्षणासाठी फोन पाठवायच्या ते मुंबई-पुण्याला. आमच्याकडे फक्त जाहिरात यायची. मग मी बाजारातल्या एका शेठजींच्या दुकानातून फोन मागून आणायचे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते. शेठजी गिऱ्हाइकाशी खानदेशीत बोलत, घरी मारवाडीत, आणि माझ्याशी, मी पेपरवाली म्हणून, जरा जपून मराठीत. त्यांची अट एकच होती, काचेवर ओरखडा नको.

प्रयोगशाळा वगैरे नव्हती. माझं माहेर धुळ्याला. दर शनिवारी एसटीने जाणं-येणं व्हायचं, तीच चाचणी. एरंडोलच्या पुढे रेंज कुठे जाते, खिडकीतल्या उन्हात पडदा दिसतो का, बॅटरी कुठल्या स्टँडपर्यंत टिकते. ‘परतताना पारोळ्याला मान टाकली’ असं लिहिलं की वाचकाला बरोबर कळायचं. पुण्याहून एका कंपनीच्या माणसाने एकदा फोन करून विचारलं, “मॅडम, पारोळा म्हणजे किती तास?” मी म्हटलं, “रस्त्याचं काम चालू आहे की बंद, त्यावर आहे.”

एका वर्षी अखाजीच्या तोंडावर शेठजींनी एक नवा फोन दिला. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे अखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, घरात नवी वस्तू येते. शेठजींनी त्या एकाच फोनवर भरवसा ठेवून गोदाम भरलं होतं. शनिवारी धुळ्याहून दुपारी परत निघाले. पारोळ्याला पिशवीतून फोन काढला, तर ‘तापमान जास्त’ अशी सूचना आणि पडदा काळा. मी वहीत नोंद केली आणि सोमवारी छापलं: ‘पिशवीत, सावलीत ठेवूनही पारोळ्याला बंद. खानदेशच्या उन्हाळ्यासाठी घेऊ नका.’

बुधवारी मी फोन परत करायला गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, पण त्या फोनच्या काउंटरपाशी कोणी नव्हतं.

“ताई, तुम्ही खोटं लिहिणार नाही, हे मला माहीत आहे,” शेठजी म्हणाले. “गावालाही माहीत आहे. तीच तर पंचाईत आहे.”

ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. मी फोन काउंटरवर ठेवत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. धुळ्याहून वहिनी.

“अक्का, पोया गरम राहिन्यात का?”

खापराची पुरणपोळी म्हणजे उपड्या मातीच्या खापरावर भाजलेली, हातभर रुंदीची पोळी. वहिनीने अखाजीच्या आधीच माझ्या सासूबाईंसाठी दहा-बारा भाजल्या होत्या आणि निघताना कापडात बांधून दिल्या होत्या. रस्त्यात खड्डे, म्हणून मी शेठजींचा फोन त्या मऊ गाठोड्यावर ठेवला होता. ओरखडा नको ना!

“राहिल्या,” मी म्हटलं. “फारच गरम राहिल्या.”

शेठजींचा फोन काउंटरवरून उचलून परत पिशवीत टाकला. “उद्यापर्यंत राहू द्या,” एवढंच शेठजींना सांगितलं.

गुरुवारी रजा टाकून त्याच वेळेच्या एसटीने धुळ्याहून परत आले. पिशवीत फोन आणि एक वही, बस. फोन जळगावपर्यंत चालला. घरी आल्यावर पुरणपोळ्या लाटून भाजल्या, गरम असतानाच कापडात गुंडाळल्या, वर तो फोन आणि शेजारी माझा स्वतःचा ठेवला. दोन्ही बंद पडले. रात्री जेवायला त्याच पोळ्या होत्या.

शुक्रवारी संपादकांकडे खुलासा घेऊन गेले.

“कोणी तक्रार केली आहे?”

“नाही.”

“मग कशाला? पेपरात छापायचं की बाईंनी फोन पुरणपोळीवर ठेवला? लोक हसतील. पुढच्या वेळी तुमचं कोण ऐकेल?”

त्यांचं चूक नव्हतं. माझ्याजवळ त्या सदराखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि ते लोकांच्या विश्वासावरच चालत होतं.

“हसू द्या,” मी म्हटलं. “पण अखाजीच्या आधी छापा. नंतर शेठजींना त्याचा काय उपयोग?”

खुलासा शनिवारी आला. त्याच जागी, तेवढ्याच आकारात, पोळ्यांसकट. लोक हसले. भाजीवाली हसली, शेजारी हसले, आमच्या ऑफिसात तर महिनाभर माझ्या डब्याची चौकशी होत होती. अखाजीच्या आदल्या दिवशी दुकानावरून गेले तर त्या काउंटरपाशी माणसं उभी होती. एक आबा विचारत होते, “तो पोयीवाला मोबाईल कोणता शे, दाखाडा बरं.” सगळा माल खपला की नाही, ते शेठजींनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी नवा फोन मात्र दिला. देताना माझी पिशवी उघडून आत पाहिलं. माझ्याशी ते पहिल्यांदाच खानदेशीत बोलले, “आज काय शे मधमा?”

आता कंपन्या जळगावलाही कुरिअरने फोन पाठवतात, सोबत चार पानी सूचना असतात. मी एसटीनेच जाते. आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी, पिशवीत आणखी काय होतं, ते एका ओळीत लिहिते.