सर्व संबंधितांस

अख्ख्या जबलपुरात माझ्या धाकट्या दिरांइतका घाबरट माणूस नसेल, आणि चेरीतालमध्ये जन्म काढून मी पुष्कळ घाबरट पाहिलेत. गॅस बंद केला की तीनदा बघतील, मग मला बघायला लावतील, मग मी नीट बघितलं का ते बघतील. मझौलीला लग्नाला निघालो तर बसच्या ड्रायव्हरला विचारून राहिले, "भैया, नींद पूरी हुई थी न?" नोकरीभर फॅक्टरीच्या फळ्यावरच्या सूचना लिहिल्या, म्हणून भीतीसुद्धा त्यांना सरकारी भाषेतच वाटते.

पण माझ्या धाकट्या जावेची हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून हसण्यासारखं काही राहिलं नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज सकाळी आठला एक. चुकली तर रक्ताची गुठळी, चुकून दोन गेल्या तर रक्तस्राव. तिला ऐकू येत नाही, म्हणजे घंटा लावून उपयोग नाही. मग भाऊजींनी मोबाइलवर बघून बघून, तारांना डाग देताना बोटं भाजून घेत, एक डबी केली. आत काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे इवलासा संगणकच, वर बोटभर पडदा. आठ वाजले की दिवा लागतो, अक्षरं सरकतात. गोळी घेऊन बटण दाबलं की डबी 'घेतली' अशी खूण ठेवते. अक्षरं कोणती? "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सकाळच्या गोळीची विहित वेळ झाली असून ती विनाविलंब घेण्यात यावी." मी म्हटलं, "भाऊजी, घरात तुम्ही दोघंच. सर्व संबंधित कोण?" ते लाजले. बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. आधी सासूबाईंसमोर नको म्हणून, मग सवय नाही म्हणून. आणि सूचना एक का होती! उपाशीपोटी घेऊ नये, बटण दाबण्यास विसरू नये, वीज गेल्यास घाबरू नये. जेवढी भीती तेवढ्या सूचना.

एके सकाळी मी त्यांच्याकडेच होते. जावेनं गोळी घेतली, बटण दाबलं. "आपल्या सहकार्याबद्दल..." सरकता सरकता पडदा काळा झाला. पुन्हा उजळला. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते..." नवऱ्याच्या हातची डबी, ती खोटं काहून बोलेल? बाईनं दुसरी गोळी ओठापर्यंत नेली! मी मनगट धरलं, गोळी पोह्यांत पडली. भाऊजींनी ती वेचून काढली, पुसली. म्हणाले, "वहिनी, हे याआधी किती वेळा झालं असेल?" पाकिटातल्या गोळ्या तारखांशी ताडून बघितल्या. बरोबर निघाल्या. त्यांनी तीनदा मोजल्या, आणि त्या दिवशी मी हसले नाही.

"यात दोन जागा असतात," दोन दिवसांनी ते मला सांगू लागले. "एक साठवणीची, मोठी, वीज गेली तरी टिकणारी. दुसरी कामाची, इवलीशी. डबी सुरू झाली की सगळ्या सूचना कामाच्या जागेत उतरतात. ती भरली की डबी गडबडते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, अन् 'घेतली'ची खूण पुसली जाते."

"म्हणजे माळ्यावरचे झाडून सगळे डबे ओट्यावर मांडले, अन् आता पोळी लाटायला जागा नाही," मी म्हटलं. "काहून उतरवता? लागेल तेवढं वरूनच चिमूटभर घ्यावं."

"अच्छा! अगदी हेच करायचं, वहिनी."

मग सूचना साठवणीतच राहिल्या. तिथून एकेक अक्षर थेट पडद्यावर. खूणही टिकणाऱ्या जागेत गेली. "आणि ते सर्व संबंधित काढा," मी म्हटलं, "बायकोला नाव आहे." त्यांचे कान लाल झाले.

आता आठला पडद्यावर तीनच शब्द येतात. "कुसुम, गोळी घे." पहिल्या दिवशी तिनं ते वाचलं, पदरानं पडदा पुसला आणि पुन्हा वाचलं. गोळी ती लगेच घेते, बटण मात्र दाबत नाही, कारण दाबलं की अक्षरं जातात. दाराआड भाऊजी गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून, घामाघूम होऊन पुटपुटत असतात, "दाब ना गं, दाब ना." तिला ऐकू येत नाही. आलं असतं, तरी तिनं एवढ्यात दाबलं नसतं.