रानातली बैठक

वाशिंदहून लग्न होऊन मी मुरबाडच्या बाजूला एका डोंगराकडेच्या गावात आले. माहेरी सिलिंडरचा गॅस होता. इथे मातीची चूल आणि पडवीच्या एका बाजूला छपरापर्यंत रचलेली लाकडं. पहिल्या पावसाळ्यात ओल्या लाकडांनी माझे डोळे इतके चुरचुरले, की भाताचं पाणी उतू गेलेलंही दिसेना.

घरात चार म्हशी आणि बैलजोडी होती. सासऱ्यांनी कुठेतरी गोबरगॅस पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतलं. पंचायत समितीतला एक साहेब येऊन जागा दाखवून गेला. गोठ्यामागे खड्डा खणला, त्यात विटांचा घुमट बांधला. रोज सकाळी शेण पाण्यात कालवून कुंडीत ओतायचं काम माझ्याकडे आलं. बरेच दिवस काहीच झालं नाही आणि शेजारपाजारचे हसू लागले. मग एका सकाळी त्याला नळीने जोडलेली शेगडी पेटली. निळी, स्वच्छ ज्योत, धूर नाही.

सासूबाईंनी मात्र जाहीर केलं, की शेणाच्या वाफेवरची भाकर त्या खाणार नाहीत. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, की इतकी वर्षं चुलीत गोवऱ्या घालत होतीस, त्या कशाच्या होत्या? सासूबाईंनी चार दिवस स्वतःपुरती चूल पेटवली आणि पाचव्या दिवशी माझ्या ताटाशेजारी आपलं ताट मांडून बसल्या.

खरी गोष्ट पुढे घडली. शिमगा झाला की गावातल्या बायका पावसाळ्याची लाकडं आणायला रानात जात. सासूबाई आणि त्यांच्या तीन मैत्रिणी कायम एकत्र असायच्या. त्या वर्षी तिघी दारावरून गेल्या, त्यांनी हाकही मारली नाही. हिला आता कशाला लाकडं, असं त्यांना वाटलं असणार. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं, जेवणावरचं लक्ष उडालं. सासऱ्यांना वाटलं, उन्हाचा त्रास असेल.

एका सकाळी कोयता आणि चुंबळ घेऊन त्या निघून गेल्या. दुपारी डोक्यावर मोळी घेऊन परत आल्या. सासरे रागावले नाहीत, पण दुखावले. एवढा खटाटोप कुणासाठी केला, असं म्हणाले आणि शेतावर निघून गेले.

मी सासूबाईंना पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं.

"मला लाकडं नकोत गो," त्या म्हणाल्या. "वर आंब्याखाली आमी चौघी बसतो. घरात बोलता येत नाय ते तितं बोलतो. ती मोकळीक या शेगडीपायी गेली."

मी जेवताना सासऱ्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे तिला."

त्या जात राहिल्या. हिरव्या फांदीला हात न लावता पडलेल्या काटक्या तेवढ्या गोळा करत आणि ज्या मैत्रिणीकडे गुरं नव्हती तिच्या अंगणात टाकून येत. येताना ओच्यात करवंदं असत. घुमटाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारी शेणाची मळी आम्ही भातखाचरात घालू लागलो आणि भात जोमाने आला, तेव्हा बाकी दोघींच्या घरच्यांनीही येऊन खड्ड्याचं माप विचारलं. काही वर्षांत त्यांच्याकडेही शेगडी आली. तरी चौघी वर जातच होत्या.

पुढे सासूबाईंचे गुडघे गेले, चढ जमेना. मग तिघीच दुपारी आमच्या ओट्यावर येऊ लागल्या. सुरुवातीला मी बाहेर गेले की त्या गप्प होत. म्हणून मी चहा ठेवून लगेच आत यायची. एकदा अशीच वळले, तेव्हा सर्वांत म्हातारीने थोडं सरकून जागा केली आणि चटई थोपटली. सासूबाई माझ्याकडे न बघता गोष्ट पुढे सांगत राहिल्या. मी बसले.