तुटलेल्या तंतूंचा रंग

मैत्रेयी करंदीकर मेंदूची चित्रं काढते. सिंगापूरला बुओना व्हिस्टा भागातल्या ऑफिसात बसून ती अमेरिकेतल्या कोर्टांसाठी आकृत्या आणि छोटी अ‍ॅनिमेशन्स बनवते. सिंगापूरमध्ये निकाल न्यायाधीशच देतात. तिकडे निकालासाठी साध्या नागरिकांची ज्युरी बसते. कुणी बस चालवणारा, कुणी केस कापणारी. डोक्याला मार लागला की आत काय होतं, हे अशा माणसांना डोळ्यांनी दिसेल असं समजावणं, हे तिचं काम.

या वेळची केस कॅलिफोर्नियातल्या एका संगीतशिक्षिकेची होती. तिच्या गाडीला ट्रकने मागून धडक दिली होती. कवटी शाबूत, स्कॅन स्वच्छ. पण आता तिला मुलांची नावं आठवत नव्हती, वर्गातला गलका सोसत नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं, हिसक्याने मेंदू आतल्या आत पिळवटला आणि केसाहून बारीक तंतू तुटले. साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत.

ते कागद वाचताना मैत्रेयीचं मन थाऱ्यावर राहीना. तिचा नवरा निशिकांत एका बँकेत होता. मध्यंतरी पुलाउ उबीन बेटावर तो सायकलवरून पडला. हेल्मेट होतं, नोव्हेनाच्या दवाखान्यात स्कॅन केलं, सगळं नॉर्मल निघालं. पण घरी आलेला माणूस वेगळाच होता.

"जाई, उद्या शाळा आहे का गं?" त्याने जेवताना लेकीला पुन्हा विचारलं.

"बाबा, यू ऑलरेडी आस्क्ड मी लाह!" ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागली.

त्याने हातातली वाटी आपटली. आमटी टेबलभर झाली, जाई रडत खोलीत गेली.

"एकदा परत डॉक्टरांकडे जाऊ या," मैत्रेयी म्हणाली.

"रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग मी काय नाटक करतोय?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने ते तंतू लालभडक रंगवले, जागोजागी पेटल्यासारखे. शिक्षिकेची वकील खूश झाली. विरुद्ध बाजूच्या वकिलाने मात्र हरकत घेतली, आणि ज्युरीसमोर चित्र जाण्याआधी न्यायाधीशांनी मैत्रेयीला व्हिडिओवर बोलावलं.

"मेंदूतले हे तंतू लाल असतात का?" त्या वकिलाने विचारलं.

"नाही. पांढुरके असतात."

"मग हा लाल रंग कुठून आला?"

"माझ्याकडून," मैत्रेयी म्हणाली.

लाल रंग काढायचा, असं न्यायाधीशांनी सांगितलं. तिला अपमान वाटला, आणि सुटल्यासारखंही. त्या लाल रंगात उतरलेला राग शिक्षिकेसाठी नव्हताच, घरातला होता, हे तिला कळत होतं.

नवं अ‍ॅनिमेशन तिने घरीच केलं. कवटी पुढे जाते, थांबते. आतला मेंदू थांबत नाही, मुरगळतो. मग पांढुरके तंतू, काही ताणलेले, काही तुटलेले. बाकी काही नाही. ते तपासत असताना निशिकांत मागे येऊन उभा राहिला.

"हे कुणाचं डोकं?"

"एका बाईंचं. स्कॅन नॉर्मल आहे त्यांचं."

तो खुर्ची ओढून बसला. "परत लाव."

तिने लावलं. त्याने आणखी एकदा लावायला सांगितलं. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात माझ्या हातून निसटलेली असते. मी नुसती मान हलवतो. मला वाटलं, मला वेड लागतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? दाखवायला काहीच नव्हतं."

ज्युरीने शिक्षिकेच्या बाजूने कौल दिला. वकिलीणबाईंचा मेल आला तेव्हा मैत्रेयी निशिकांतबरोबर नोव्हेनाच्या दवाखान्यात बसली होती. तिने तो अर्धाच वाचला, कारण त्यांना आत बोलावलं होतं. अशी इजा असू शकते, असं नव्या डॉक्टर म्हणाल्या. सुधारणा होईल, किती, ते आज सांगता येणार नाही.

निशिकांतने स्वतःच साहेबांना सांगून काम कमी करून घेतलं. जाईला जवळ बसवून तेच अ‍ॅनिमेशन दाखवलं. "माझ्यातही असं काही झालं असेल," तो म्हणाला. "तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं माझं." घरातला आवाज खाली आला. पण निशिकांतला परतायला जरा उशीर झाला की मैत्रेयी अजूनही हातातलं टाकून दाराशी जाते.