नवं चाक, नीरेचं खोरं आणि बाबांचा नियम

आणि तुम्ही परत तेच म्हणणार, की सायकलीवर कोणी फिरायला जातं का. बाबा, जातात. पुण्यात जातात. पहाटे पाचला चौकात उभे राहतात, डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा, आणि घरी चारचाकी असून जातात. हे मी तुम्हाला सहा वर्षं फोनवर सांगतोय आणि तुमचं सहा वर्षं एकच उत्तर : "सायकलीनं मले बुडवलं, आता तू काऊन बुडून राह्यला? घरी ये, आटो चालव." म्हणून या वेळी फोनवर भांडत नाही, लिहूनच काढतो. मनी वाचून दाखवेल. आणि पुण्याहून भोरकडे सायकल काढायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना रस्त्याची माहितीही होईल.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी : मी दिग्रसकडचा. शाळा आठवीत सुटली. बाबांचं बसस्टँडवर तासाच्या भाड्यानं सायकली द्यायचं दुकान होतं. घरोघरी मोटरसायकली आल्या आणि दुकान बसलं. तेव्हापासून बाबा कुणाच्या सायकलला बोटही लावत नाहीत. मनी माझी धाकटी बहीण. मी कोथरूडला सायकलच्या दुकानात कामाला आहे. पंक्चर, ब्रेक, गिअर, सगळं करतो. फक्त एका कामाला आमच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, मला हात लावू दिला नव्हता. चाक बांधणं. मोकळी रिम, मधला हब आणि बत्तीस तारा घ्यायच्या आणि त्यातून चाक उभं करायचं. ते काम काका स्वतः करतात, खिडकीजवळच्या बाकावर बसून, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

दुकान एक ते चार बंद असतं. (पुणं आहे.) त्या वेळात, चार दुपारी लावून, मी एक मागचं चाक बांधलं. काकांनी ते हातात घेऊन फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला.

"आपण हे कुठल्या विद्यापीठात शिकलात?"

"बाबांकडे पाहून."

"हं. दुकानात सगळीच चाकं सरळ दिसतात. आपल्या सायकलला लावा, दीडशे किलोमीटर मारून या. मग खडू लावू. रिम खडूला घासली नाही, तर हा बाक तुमचा. घासली, तर पंक्चरं आहेतच की."

खडूचं असं असतं, की चाक फिरवायचं आणि रिमच्या अगदी जवळ खडू स्थिर धरायचा. चाक जिथं वाकडं असेल, आमच्या भाषेत आऊट असेल, तिथं पांढरी रेघ उमटते. खडू खोटं बोलत नाही.

सोबत केतकी मॅडम होत्या. आयटीत आहेत, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, आणि चढाला माझ्यापेक्षा जोरात. मी हत्यारांची पिशवी घेतली तर म्हणाल्या, "मेकॅनिक म्हणून येऊ नकोस हं. रायडर म्हणून ये." बाबा, हे वाक्य मनीकडून दोनदा वाचून घ्या.

शनिवारी पहाटे निघालो. एक सूचना : धायरी-नऱ्हेकडून नव्या बोगद्यात सायकल घालू नका, ट्रक कानाला लागून जातात. स्वारगेटवरून जुन्या कात्रज घाटानं चढा. चढ लांब आहे पण दुष्ट नाही. जुन्या बोगद्यातून बाहेर आलं की थंडीत समोर सगळं खोरं धुक्यात बुडालेलं दिसतं आणि डोंगरांची फक्त डोकी वर असतात. उतारावर चाक असं पळालं की मी ओरडलोच. माझ्या हातचं चाक, माझ्या खाली, आणि मी पुण्याच्या बाहेर.

खेड शिवापूरला मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, तर्री मागाल तितकी. तिथून हायवेनं कापूरहोळ, आणि तिथं उजवीकडे भोरचा फाटा. हायवे सुटला की जग बदलतं. भाताची कापलेली खाचरं, रचलेला पेंढा, गुऱ्हाळाचा गोड धूर. कापूरहोळच्या पुढे चाकातून आवाज यायला लागला. टिंग. थोडं पुढे परत टिंग.

"तुझ्या सायकलमधून काहीतरी वाजतंय," मॅडम म्हणाल्या.

"नवं आहे ना, म्हणून," मी म्हणालो. एवढं बोलून मी जोरात पुढे निघून गेलो. चूक इथं झाली, पण ती मला दुपारी कळली.

भोर हे संस्थानाचं गाव. राजवाडा आहे, आणि खाली नीरा नदी आहे, दगडी घाटाला लागून. बाया कपडे धूत होत्या, एक आजोबा पाण्यात पाय सोडून पेपर वाचत होते. आम्ही तिथं अर्धा तास नुसते बसलो. लॉजवर दोन खोल्या घेतल्या, एकीचे सातशे, सायकली आत ठेवू देतात (आधी विचारून घ्या). ओझं टाकून आंबवड्याकडे निघालो. भोरपासून दहा-बारा किलोमीटर. रस्त्याचं काम चालू होतं, मध्ये मध्ये नुसती खडी. त्या खडीत चाकानं दम सोडला. आंबवड्याच्या अलीकडेच रिम ब्रेकला घासायला लागली. खर्र, खर्र, प्रत्येक फेऱ्याला.

आंबवड्याला ओढ्यावर झुलता पूल आहे, संस्थानाच्या काळातला. दोन टोकांना दगडी खांब, त्यांवरून लोखंडी दोर, आणि दोरांना टांगलेला पूल. पलीकडे झाडीत जुनं शंकराचं देऊळ. मॅडम फोटो काढायला पुलावर गेल्या आणि मी सायकल उलटी करून खाली बसलो. चाक फिरवलं. डोळ्यांना दिसावं इतकं आऊट. तारा सैल झाल्या होत्या. दीडशेतले सत्तरही झाले नव्हते.

शेजारी चहाच्या टपरीवर एक म्हातारबुवा होते, टोपी, धोतर.

"कुठनं आला?"

"पुण्यातनं."

"सायकलवर? मग एष्टी बंद हाय का?"

मी हसलो नाही. मला त्या बाकाशिवाय काही दिसत नव्हतं. तारा पिळायची चावी होती, पण बत्तीस तारांतली कुठली किती पिळायची? एक चुकली की चाक दुसरीकडे ओढलं जातं. दुकानात स्टँडच्या दोन काट्यांच्या मधे चाक फिरवतात, तेव्हा कळतं. इथं ओढा होता आणि पूल होता. पुलाकडे पाहिलं आणि डोक्यात आलं, हाही चाकासारखाच. सगळं वजन ताणलेल्या लोखंडावर. एक दोर ढिला पडला तर बाकीच्यांवर येणार. आणि मग बाबा, तुम्ही आठवलात. दुकानासमोर उकिडवे बसून नखानं एकेक तार छेडताना, कान चाकाला लावून.

देवळाच्या पायरीवर रेंज होती. सायकल तिथं नेली. फोन मनीनं उचलला.

"बाबाले दे."

"भांडाले?"

"नाई वं. चाक आऊट झालं."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर. मग तुम्ही.

"कोनतं?"

"मांगचं. नवं बांधलं व्हतं."

"घरचा मानूस बसवला व्हता का पह्यले?"

वाचणाऱ्यांना हा नियम सांगायला पाहिजे. आमच्या दुकानात नवं चाक बांधलं की ती सायकल त्या दिवशी भाड्यानं जायची नाही. आधी घरच्या माणसानं तिच्यावर बसून गावाला फेरी मारायची, कधी मी, कधी आई, आणि आईला तर सायकल नीट येतही नव्हती. नव्या तारा पहिल्या फेरीत आपापल्या जागी बसतात आणि सैल पडतात. तेव्हाच त्या टिंग वाजतात. फेरी झाली की परत पिळायच्या. मगच सायकल गिऱ्हाइकाला. लहानपणी मला वाटायचं ही काहीतरी पूजा आहे. ती पूजा नव्हती, ते कामच होतं.

"नाई बसवला. मीच बसलो, सीधा भोरले आलो."

"येडा," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "फोन चाकाजवळ धर. हवेच्या नळीपासून सुरू कर. वाजव."

मी नखानं तार छेडली. टण्ण.

"पुढची."

टण्ण.

"पुढची."

ढब्ब.

"थांब. पाव फेरा दे. सावकाश, कुस्ती नाई खेळाची. आता वाजव."

अशा बत्तीस, आणि मग परत पहिल्यापासून. मॅडम पूल बघून आल्या आणि पायरीवर बसल्या. म्हातारबुवाही चहाचा कप घेऊन आले.

"फोनवर कोण हाय? डाक्टर?"

"वडील आहेत."

"सायकलचं?"

"माझे."

"आन् तिकडं बसून ऐकू येतंय त्यास्नी? भारीच." त्यांनी आमच्या तिघांच्या चहाचे पैसे टपरीवाल्याला स्वतः दिले. घ्या म्हटलं तर ओरडले.

रेंज दोनदा गेली. दोन्ही वेळा मी लावायच्या आत तुमचा फोन आला. बाबा, सहा वर्षांत पहिल्यांदा. शेवटी तुम्ही म्हणालात, "आता सगळ्या एका सुरात हाय. उद्या सकाळी थंड असताना पुन्हा एक डाव वाजवून पाह्य." आणि ठेवून दिला. आटोचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजवून पाहिल्या. दोनच ढिल्या निघाल्या. मग नदीच्या कडेकडेनं, महाडच्या रस्त्यानं, नीरा देवघर धरणापर्यंत गेलो. पुण्यातून येणाऱ्यांनी हा टप्पा चुकवू नये. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कौलारू गावं, अंगणात वाळत घातलेलं भात, आणि रस्त्यावर गाडी इतकी कमी की कोंबड्या मधोमध चालतात. एका घरी मावशींनी आंबेमोहोर भात आणि पिठलं वाढलं, दोघांचे दोनशे, आणि वर विचारलं, "सायकलीवर आलात म्हणजे उपास आहे का कसला?" मॅडम म्हणाल्या, "हो, पेट्रोलचा."

परतीला कात्रजचा चढ या बाजूनं छातीवर येतो. मी न उतरता चढलो. मॅडम माझ्या मागे होत्या. हे मुद्दाम लिहितोय.

दोन दिवसांचे दीडशेच्या वर झाले. सोमवारी काकांनी सायकल टांगली, खिशातून खडू काढला आणि मागचं चाक फिरवलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही जवळ येऊन बघायला लागली. खडू रिमला जवळ, अजून जवळ, केसाइतकं अंतर. चाक फिरून फिरून आपोआप थांबलं. रेघ नाही. कुठंच नाही.

काकांनी नखानं दोन तारा छेडल्या. त्यांनाही ती सवय आहे हे मला माहीत नव्हतं.

"हे परत पिळलेलं आहे. कुणी सांगितलं?"

"बाबांनी. फोनवरून. ऐकून."

काकांनी खडू परत खिशात टाकला. "मग बाक त्यांना द्यायला हवा," म्हणाले. चष्मा पुसला. "ते येईपर्यंत तुम्ही बसा."

आता लिहितोय ते त्या बाकावरूनच. खिडकीतून रस्ता दिसतो. पाय थोडे दुखतात, मांडीवर उन्हाची पट्टी उमटलीय, ती महिनाभर जाणार नाही. राजवाडा, धरण, भात, सगळं आठवतं, पण कानात राहिलं ते तुमचं "पुढची, पुढची". बाबा, सायकलीनं तुम्हाला बुडवलं असेल. पण आंबवड्याच्या त्या पायरीवर तीन माणसं तुमचा कान बघत होती, तुम्हाला न बघता.

केतकी मॅडमनी त्यांच्या सायकलची दोन्ही चाकं माझ्याकडून बांधायला सांगितलीत. शनिवारपर्यंत होतील. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी घरच्या माणसानं फेरी मारायची, हा नियम तुमचाच, आणि कोथरूडात मला घरचं कुणी नाही. दिग्रसहून ट्रॅव्हल्स संध्याकाळी निघते, सकाळी मी घ्यायला येतो. मनीच्या खात्यावर तुमच्या येण्याजाण्याच्या तिकिटाचे टाकतोय : दोन हजार आठशे रुपये.