गप्प राहिल्याची हुशारी

आमच्या घरी मला हुशार म्हणत, ते मी इंग्लिश मीडियमला होते म्हणून. माझं इंग्लिश कुणी फारसं ऐकलं नव्हतं. मराठीही कमीच ऐकली होती.

त्या दुष्काळात उदगीरमध्ये दोनच विषय होते, पाणी आणि लातूरपासून वेगळ्या जिल्ह्याची मागणी. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, प्लास्टिकच्या सामानाचं दुकान. त्यांनी हिवाळ्यातच पाण्याचे ड्रम आणून ठेवले, आणि उन्हाळ्यात ते घ्यायला आलेली माणसं त्यांना हुशार म्हणायला लागली. कौतुकानं की रागानं, मला कळत नसे.

शेजारच्या काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या धुण्यालाच निम्मं पाणी लागे आणि टँकर गल्लीत न वळता मोठ्या रस्त्यावरूनच पुढे जाई. जिल्ह्याचं निवेदन घ्यायला लातूरहून साहेब येणार म्हणून आमचे नगरसेवक घरी आले.

"अप्पा, पोरीला पाठवा. इंग्लिशमधी दोन वाक्यं बोलली की साहेबावर वजन पडतंय."

काकू दारातूनच म्हणाल्या, "जिल्ह्याचं ऱ्हाऊ दे माय. टँकर गल्लीत वळवा, एवढंच सांग."

मी वाक्यं पाठ केली. मालिकांमधल्या हुशार मुली हनुवटी वर करून, समोरच्याचं संपायच्या आत उत्तर देतात. आरशासमोर मला तेही जमलं.

निवेदनाच्या मंडपात साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "येस, टेल मी."

काहीच आठवेना. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी त्यांच्यासमोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिले. खूप वेळ. मागून कुणीतरी खाकरलं.

"बघा साहेब!" नगरसेवक एकदम पुढे आले. "पोरीची नजर कुठं हाय बघा! बोलायला आधी घसा ओला लागतो की न्हाई? हिच्या गल्लीत टँकरच वळत न्हाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी ओशाळून बाटली माझ्याकडे सरकवली आणि कुणीतरी तेवढ्यात फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर गल्लीत वळला.

मग सगळेच हुशार ठरले. नगरसेवक तर होतेच. अप्पांनी टँकरच्या रांगेतच ड्रम विकले. आणि मी. "काय ॲक्टिंग केलीस गं!" काकू मला रांगेत पुढे ओढत म्हणाल्या. "एक शब्द न बोलता काम केलंस. लई हुशार हायस."

"काकू, मी विसरले होते."

"हाव, हाव. असंच सांगायचं समद्यांना." त्यांनी डोळा मारला.

मी अप्पांनाही सांगून पाहिलं. ते हसले आणि म्हणाले, दुकानातही गिऱ्हाईकाला सगळं सांगायचं नसतं. मी काय केलं होतं ते मला सोडून सगळ्यांना समजलं होतं.

थोड्या दिवसांनी टँकर पुन्हा रस्त्यावरूनच जायला लागला. नगरसेवकांनी लातूरला साहेबांना भेटायला जायचं ठरवलं. मला निरोप आला, तोच ड्रेस घाल. या वेळी मी वाक्यं नीट पाठ केली, मराठीतही केली. निघताना काकू रिकामी घागर घेऊन दारात उभ्या होत्या. घरातून सासूबाईंच्या हाका येत होत्या.

मी म्हटलं, "काकू, आज बोलते मी. पक्कं पाठ आहे."

त्यांचा चेहरा उतरला. इकडेतिकडे बघून त्यांनी माझा हात धरला.

"नको गं माय," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस. पाणी येऊ दे."