नरेलच्या पाठचा

तुमच्या बायकोच्या पलंगावर परका पुरुष झोपतो, आणि झोपतो तो नेमका ती तुमच्या शेजारी असते तेव्हाच. सांगा, संशय घ्यायचा कुणावर?

मँडुरा गावच्या डॅरिलला हा प्रश्न कित्येक वर्षं पोखरत होता. हसू नका. आमच्या किनाऱ्यावर दर दुसऱ्या घरात हेच चालतं. घरातलं एक माणूस दोन आठवडे उत्तरेला लोखंडाच्या खाणीवर, मग दोन आठवडे इकडे. जायचं विमानानं, यायचं विमानानं. डॅरिलची बायको नरेल तिथं घराएवढा ट्रक हाकते. ती घरी आली की तिच्या सीटवर मिर्को बसतो आणि तिच्या पत्र्याच्या खोलीत, तिच्याच पलंगावर झोपतो. खाणीवर अशा माणसाला ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात. पाठीला पाठ. दोघांची गाठ पडते ती खाणीच्या धावपट्टीवर, एक उतरताना आणि दुसरा चढताना.

“पाठचा भाऊ समज त्याला,” नरेल म्हणायची.

“भावाच्या पलंगावर कोण झोपतं गं?”

“चादर माझी मी बदलते. गादी कंपनीची. कंपनीवर जळ.”

आणि डॅरिल कंपनीवरही जळायचा. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो; हात कायम काळे, तोंड तिखट. घराचं कर्ज नरेलच्या पगारातून फिटलं, त्याची स्वतःची बोटही तिच्याच पगारातली, आणि हे त्याला कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. बोटीत बसला की तेच टोचायचं. पोरीच्या वाढदिवसाची मेणबत्ती नरेल फोनवरून फुंकायची. घरी आली की आधी झोप काढायची, मग मोबाइल बघत खुदुखुदु हसायची. “काय झालं?” विचारलं की “तुला नाही कळायचं, तिकडचं आहे.” डॅरिलच्या विनोदालाही हसायची, पण जरा उशिरानं, पाहुणी हसते तशी.

“तिकडे ताट आयतं मिळतं,” एकदा खेकडे सोलता सोलता ती म्हणाली. “माझे मोजे कुठेत, असं एकही माणूस मला विचारत नाही.”

“मग राहा तिकडेच.”

तिनं पुढचा खेकडा उचलला. डॅरिलला ते जास्त लागलं.

त्यातच खाणीवाल्यांनी तिला नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम देऊ केलं. मान मोठा, पण तीन आठवडे तिकडे आणि घरी एकच. डॅरिलच्या हिशेबानं या खेपेला तिला उत्तर द्यायचं होतं. डॅरिलचं म्हणणं एकच, नाही म्हण. कारण विचारलं की मिर्कोचं नाव घ्यायचा. तेवढंच नाव त्याच्याकडे होतं.

निघायच्या दिवशी सकाळी तो चहा घेऊन आत आला आणि दारातच थांबला. नरेलनं पलंग उघडा केला होता. चादर, अभ्रे काढून कोपऱ्यात गठ्ठा. तिची चप्पल, चष्मा, क्रीमची बाटली कपाटात, कपाटाला कडी. आणि ती ओल्या फडक्यानं उशाजवळचं टेबल पुसत होती. खाणीवर खोली सोडताना असंच करतात, पाठच्या माणसाला आपला केससुद्धा दिसू नये म्हणून.

“इथं कोण येणार आहे?” डॅरिलनं विचारलं.

नरेलनं फडक्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे. “सवय रे. चुकून झालं.”

“नाही, सांग ना. तू गेल्यावर इथं कोण झोपतं? त्याच्यासाठी एवढी साफसफाई?”

“तू झोपतोस.”

“म्हणजे मी पण तुझा पाठचाच.”

डॅरिलनं तिला विमानतळावर सोडलं. ती उतरली, आत गेली. डॅरिल मात्र परतला नाही. जे विमान तिला घेऊन गेलं तेच मिर्कोला आणणार होतं. तो पार्किंगमध्ये मटण-पॅटिस खात बसला आणि मनात भांडणाची वाक्यं घासूनपुसून ठेवू लागला.

दुपारी नारिंगी शर्टांचा लोंढा बाहेर आला. एका शर्टाच्या खिशावर ‘मिर्को’ शिवलेलं. टक्कल, पोट, गुडघा धरून चालणारा म्हातारा होत आलेला माणूस.

“मी नरेलचा नवरा.”

“अरे वा.” मिर्कोनं हात धरून जोरात हलवला. “इंजिनवाला ना? वाईट वाटतंय गड्या. इतकी व्यवस्थित पाठची मला परत मिळायची नाही. पण शिकवायला तिच्यासारखं माणूस नाही. तिनं हो म्हटलं ते बरंच केलं.”

डॅरिलची सगळी वाक्यं जागच्या जागी वाळली. “हो म्हटलं? कधी?”

“मागच्याच पाळीला.” मिर्कोला आता त्याचा चेहरा दिसला. “मला वाटलं, तुला… जाऊ दे. बायको वाट बघत असेल माझी.” आणि तो गुडघा धरून सटकला.

डॅरिलनं तिथंच फोन लावला.

“मिर्कोला माहीत होतं,” तो म्हणाला.

पलीकडे वारा घोंघावत होता. “त्याला सांगावंच लागतं. त्याची पाळी बदलते.”

“आणि माझी नाही बदलत?”

“तू कधी विचारलंस का रे, मला ते काम का हवंय? तू नुसता मिर्को मिर्को करत राहिलास. म्हटलं, मिर्कोचंच उत्तर देत बसू किती.”

डॅरिल गाडीला टेकला. राग होता, पण फेकायचा कुणावर ते सापडेना. “मी मिर्कोवर नाही जळत,” शेवटी तो म्हणाला. “तू तिकडे जी असतेस ना, ती मला कधी भेटलीच नाही. तिकडच्या सगळ्यांना भेटते. मी तिच्यावर जळतो.”



“हो म्हटलंय मी,” नरेल म्हणाली. “आता मागे घेणार नाही.”

“घेऊ नकोस. पण सांग. तिकडे काय आवडतं तुला?”

“आत्ता? पाळीवर न्यायची बस उभी आहे माझी.”

“बस थांबेल.”

बस थांबली नसावी, कारण ती धापा टाकत बोलत होती, पण बोलत होती. डॅरिल फोन कानाला घट्ट धरून ऐकत होता. एकाही वाक्यात त्याचं नाव नव्हतं.

तुमच्याही घरातून कुणी असं कामाला जात-येत असेल, तर त्याचा पगार, त्याचा सोबती, त्याचा फोन तपासण्याआधी तिकडे काय आवडतं, हेच एक त्याला विचारा. आणि उत्तरात तुम्ही कुठेच नसलात, तरी मध्ये बोलू नका.