रोजचा फ्रॉक

"हा काढा तिचा. रोजचा घाला."

जीपीतून उतरलेल्या ताईनं माह्या मायले असं सांगतलं. मी सात वर्षांची. अंगात पिवळा फ्रॉक, मावशीच्या लग्नात घेतलेला, वरवट बकालच्या बाजारातला. मायनं सकाळीच मले घासूघासू आंघोळ घातली, तेल लावून दोन वेण्या घातल्या. बुलढाण्याच्या कॉलेजातले पोट्टे-पोट्ट्या आमच्या वस्तीत अभ्यास कराले येणार होते, फोटो काढणार होते. फोटो म्हटल्यावर लेक नीट दिसाले पाह्यजे, एवढंच मायले समजत होतं.

"नेहमीसारखं दिसायला हवं ना," ताई हसून म्हणे. "रोज असं थोडीच राहता तुम्ही?"

मायनं भर अंगणात माह्या पाठीची बटनं काढली. आठ जण हातात वह्या घेऊन उभे. मी फ्रॉक दोन्ही मुठीत धरून ठेवला. मायनं माही बोटं एकेक करून सोडवली. मंग तो बाही फाटलेला घातला. ताई पुढं आली अन् पेनाच्या टोकानं माह्या कपाळावर केस ओढले. बोटानं नाही, पेनानं. मी रडून राह्यली होती, नाक गळून राह्यलं होतं. तवाच फोटो निघाला.

मायनं सगळ्याइले चहा केला. कोणीच घेतला नाही. "आत्ताच झाला सरपंचांकडे," म्हणे. जाता जाता मायनं ताईले म्हटलं, "बाई, एक फोटो आमालेही धाडजा." "हो हो, पाठवते ना." जीप गेली. मायनं आठ कप चहा परत चुलीवरच्या गंजात ओतला. दिवसभर आमी तोच पेलो.

माह्या लहानपणाचा दुसरा फोटो नाही. म्हणून मायले तो विसरणं झालं नाही. पोस्टमन दिसला का विचारे. अजूनही मी घरी गेली का एकदा तरी म्हणतेच, "त्या बाईनं फोटो धाडलाच नाही वं." रागानं नाही म्हणत, सहज म्हणते. त्याचाच मले राग येते.

बारावी झाल्यावर मी घाट चढून बुलढाण्याले आली. बीए पह्यलं वर्ष. समाजशास्त्र घेतलं. शिकवाले एक बाई होत्या, तासिकेवरच्या. लय चांगलं शिकवत. समाजीकरण, भूमिका, दर्जा. अर्पित दर्जा म्हणजे जन्मानं चिकटलेला, अर्जित म्हणजे आपण कमावलेला. मी वहीत लिवलं अन् खाली दोन रेघा मारल्या. वाटलं, बाप्पा, आपल्या जिंदगीचंही पुस्तक असते! माहं एक उत्तर बाईनं वर्गात वाचून दाखवलं होतं. मले त्या आवडत. हे लपवणार नाही.

दिवाळीनंतर प्रकल्प आला. बाईनं कपाटातून एक जुनी फाईल काढली. "ही माझीच. मी इथे शिकत होते तेव्हाची. दरवर्षी नमुना म्हणून दाखवते. असा प्रकल्प हवा."

फाईल बाकाबाकावरून फिरत माह्यापाशी आली. पान उलटवलं तं मी.

खाली निळ्या शाईत, सुंदर अक्षरात: 'छायाचित्र ४. वस्तीतील बालिका व आई. कुटुंबात स्वच्छतेची जाणीव आढळत नाही.'

मी वर पाह्यलं. बाई फळ्यापाशी हसून राह्यल्या होत्या. तेच हसणं. बाजूची मैत्रीण वाकून पाहे. "अव माय, काय शेंबडी पोट्टी आहे!" ती हसली. मीही हसली. हाव, हसली मी. अन् फाईल मांगच्या बाकावर देऊन देली. बाईनं लिवलेलं तं आहेच, पण माहं ते हसणं मले अजून झोपू देत नाही.

त्या दिवसापासून ती पोट्टी माह्या मांगं लागली. होस्टेलात न्हाणीपुढं लाईनीत उभी राह्यली का पाठीची बटनं कोणी काढून राह्यलं असं वाटे. मी वळून पाहे. कोणी नसे. आरशापुढं गेली का कपाळाले पेनाचं टोक लागे. धुतलेला ड्रेस घालाचीही शरम वाटे, जसं काही कोणी येईन अन् म्हणंन, रोजचा घाल.

आठ दिवसांनी मी फाईल मागून घेतली. नीट पाहाची होती. मायची मान खाली. एक हात पदराआड. अन् पदराखालून बोटभर पिवळं लोंबून राह्यलं होतं. मायनं माहा फ्रॉक तसाच मुठीत धरला होता. इतकी वर्षं ही फाईल फिरली, इतक्या पोरायनं पाह्यली, अन् हे पिवळं कोणालेच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी धडा होता निरीक्षण पद्धतीचा. बाई सांगत होत्या, "जे आहे ते जसेच्या तसे नोंदवायचे. आपण त्यात बदल करायचा नाही. काही शंका?"

मी उभी राह्यली.

"मॅडम, बदल केला तं?"

"मग ते निरीक्षण राहत नाही."

"मंग तुमच्या फाईलीतल्या चार नंबरच्या पोट्टीचा फ्रॉक काऊन काढाले लावला? ती पोट्टी मी आहो."

माही मैत्रीण खाली पाहू लागली. बाईचा चेहरा पांढरा पडला.

तास संपल्यावर बाईनं मले थांबवलं. "मी एकोणीस वर्षांची होते गं. सर म्हणाले होते, वस्तुस्थिती दिसली पाहिजे." त्यायनं टेबलावर फाईल उघडली अन् नखानं फोटोचा कोपरा उचलला. "हा घे. आईला दे. विषय संपव."

माय डोळ्यापुढं आली. हात पुढं गेला होता माहा, खोटं काऊन बोलू. पण फोटो निघाला तं ओळ तशीच राह्यते, अन् पिवळं जाते.

"फोटो नको. पह्यले ओळ खोडा. तुमच्या हातानं."

"त्याचं मूल्यमापन झालंय. आता कसं बदलणार?"

मंग मी पेन काढला. त्या सुंदर अक्षराखाली मायचं पूर्ण नाव लिवलं. पुढं लिवलं: 'या दिवशी हिनं लेकीले न्हाऊमाखू घालून पिवळा फ्रॉक घातला होता. पाहुण्याइनं काढाले लावला. तो तिच्या हातात आहे. पाहून घ्या.'

विभागप्रमुखानं बोलावलं. कोरा कागद पुढं सरकवला. "फाईल विद्रूप केलीस. माफीनामा लिही, नाहीतर प्रकल्पाचे मार्क विसर."

कागद घेऊन मी होस्टेलात आली. मैत्रीण म्हणे, "लिवून टाक ना वं, काय जाते तुहं?" तिले काय सांगू. मी मायले फोन लावला. पह्यलेपासून सगळं सांगतलं. ती मंग म्हणे, "पन फ्रॉक काढला तं मीच ना वं. माह्याच हातानं."

इतकी वर्षं माय फोटो मागत होती. अन् पोटात हे घेऊन बसली होती. मी म्हटलं, माय, असं नको बोलू. तिनं फोन ठेवला.

त्या कोऱ्या कागदावर माफीनामा नाही लिवला. मार्क जातीन तं जावोत. फाईलीच्या शेवटच्या पानावरची त्या आठ जणाइची नावं फाईल माह्यापाशी होती तवाच वहीत लिवली होती, ती त्यावर उतरवली. माहा प्रकल्प हाच. आठही घरी जाईन. विचारीन, माह्या मायचा चहा काऊन पेले नाही? कोणाले कपडे बदलाले लावणार नाही. जसं दिसन तसं लिवीन.

पह्यलं घर बाईचं.